सगळं लॉक केलं तरी माहिती बाहेर जाते कुठून? फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅप-इन्स्टाच्या सेटिंग्ज

उपवनवाली

नमस्कार मंडळी. तांत्रिक विभागात धागा काढायची पहिलीच वेळ आहे, जागा चुकली असेल तर संपादकांनी हलवावा.

पाडव्याच्या स्वागतयात्रेला आम्ही सोसायटीतल्या बायका दरवर्षी जातो. यंदा राम मारुती रोडला कुणीतरी आमचा फोटो काढला. मी, लेक आणि शेजारच्या दोघी. त्याबद्दल तक्रार नाही, नटूनथटून रस्त्यावर उतरल्यावर फोटो निघणारच. तो ठाण्याच्या एका पेजवर आला. खाली कुणाचंही नाव नव्हतं. मग आमच्या मावशीने कमेंट टाकली: "अय्या, ही तर आमची अमुक आणि तिची छकुली! वर्तकनगरच्या तमुक शाळेत सहावीत आहे, लेझीममध्ये पहिली!!" वर मला टॅग. शाळेचं नाव पूर्ण, लेकीचं नाव पूर्ण, चार फुलं आणि दोन हात जोडलेले.

संध्याकाळपासून अनोळखी लोकांच्या रिक्वेस्टी सुरू झाल्या. रात्री एका महाशयांचा थेट व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज, "नऊवारीत छान दिसता मॅडम".

माझं फेसबुक प्रोफाइल लॉक आहे. इन्स्टा प्रायव्हेट आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी फक्त कॉन्टॅक्ट्सना दिसतो. मग ह्याला नंबर मिळाला कुठून? आणि अजून काय काय बंद करायचं असतं? घरी विचारलं तर "फेसबुक बंद कर" एवढंच उत्तर मिळतं. ते नको आहे, माझी निम्मी गिऱ्हाइकं तिथून येतात. मी घरून शिवणकाम करते.

चहाबाज

जागा धरून ठेवतो. वाचतोय.

कळवा_ब्रिज

ताई, मावशींना रागावू नका, पण ती कमेंट आधी काढायला लावा. लॉक प्रोफाइलचा इथे काही उपयोग नाही, कारण लॉक तुमच्या घराला आहे आणि फोटो दुसऱ्याच्या पेजवर. फेसबुकवर कमेंट कुणाला दिसणार हे कमेंट करणारा ठरवत नाही, ज्याची पोस्ट तो ठरवतो. पेज पब्लिक म्हणजे मावशींची कमेंट अख्ख्या जगाला. बहुतेकांना हे माहीत नसतं. त्यांना वाटतं आपलं प्रोफाइल मित्रांपुरतं आहे तर आपलं बोलणंही तेवढंच.

टॅगचंही तसंच. 'प्रोफाइल अँड टॅगिंग'मध्ये जाऊन रिव्ह्यू चालू करा. म्हणजे तुम्ही हो म्हटल्याशिवाय टॅग केलेली पोस्ट तुमच्या प्रोफाइलवर चढणार नाही. पण ती मूळ जागी आहे तशीच राहते, शोधलं तर सापडते. रिव्ह्यू तुमची भिंत राखतो, समोरच्याची नाही. नावच काढायचं असेल तर त्या पोस्टवर जाऊन 'रिमूव्ह टॅग' करावं लागतं.

आता नंबर. एक काम करा. फेसबुकच्या सर्चमध्ये आणि गूगलवर स्वतःचा दहा आकडी नंबर टाकून बघा. एकदा सलग, एकदा पाच-पाच आकडे तोडून, एकदा आधी +९१ लावून. काय निघतं ते सांगा. नंबर मात्र इथे लिहू नका.

तोवर माझं आवडतं दळण दळतो. प्रायव्हसी म्हटलं की लोक फोटोंकडे धावतात. माझ्या मते सुरुवात फोन नंबरापासून करावी. तुमच्या नावाच्या ठाण्यात पन्नास बायका असतील, फोटो तुम्ही दर सणाला बदलता. नंबर मात्र वर्षानुवर्षं तोच, आणि पोर्टेबिलिटी आल्यापासून कंपनी बदलली तरी तोच. बँक, गॅस, शाळा, मेंटेनन्सचं बिल, सगळं त्याच्याशी बांधलेलं. ज्याच्या हाती नंबर लागला त्याला बाकीची टोकं जोडता येतात.

एप्रिल २०२१ मध्ये फेसबुकच्या ५३.३ कोटी लोकांचे नंबर फुकटात नेटवर आले. १०६ देश, त्यात भारतातले सुमारे साठ लाख. पासवर्ड कुणी फोडला नव्हता. 'तुमच्या कॉन्टॅक्ट्समधले मित्र शोधा' अशी सोय होती, तिला लोकांनी उलटी वापरली. मनाने बनवलेले लाखो नंबर कॉन्टॅक्ट्स म्हणून चढवायचे आणि फेसबुक सांगणार, हा नंबर ह्या माणसाचा. कंपनीच्या म्हणण्यानुसार ते भोक २०१९ मध्येच बुजवलं होतं. पण गेलेले नंबर गेले. आयर्लंडच्या डेटा संरक्षण नियामकाने नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यासाठी २६.५ कोटी युरोंचा दंड केला.

म्हणून फेसबुकवर पहिली सेटिंग ही: 'हाउ पीपल फाइंड अँड कॉन्टॅक्ट यू'. फोन नंबरवरून तुम्हाला कोण शोधू शकतं, तिथे 'ओन्ली मी'. ई-मेललाही तेच. खाली सर्च इंजिनांबद्दल एक बटण आहे, ते बंद. मग फ्रेंड लिस्ट कोणाला दिसते तीही 'ओन्ली मी' करा. नातेवाइकांची यादी उघडी असली की मावशीपर्यंत पोचणं सोपं, आणि मावशीकडून तुमच्यापर्यंत.

चहाबाज

नंबर टाकून बघितला. कॉलेजात असताना विकायला काढलेली स्कूटर अजून एका जाहिरातींच्या साइटवर आहे. "एकहाती वापरलेली, फक्त सिरियस लोकांनी फोन करावा." खाली आमच्या जुन्या चाळीचा पत्ता.

नौपाडाकर_काका

सर्व चर्चा वाचली. एक शंका. आमच्या घरी एमटीएनएलची जाडजूड डिरेक्टरी असे. त्यात सर्वांचे नाव, पत्ता, नंबर छापलेले. कोणालाही त्यात वावगे वाटत नसे. उलट नाव डिरेक्टरीत आले की माणूस शेजाऱ्याला दाखवी. मग आताच नंबराचे एवढे कौतुक कशासाठी? ज्याने काही गैर केलेले नाही त्याने काय लपवायचे?

कळवा_ब्रिज

काका, प्रश्न रास्त आहे. डिरेक्टरी आडनावाने लावलेली असायची. नाव माहीत असेल तर नंबर सापडायचा. हातात नुसता नंबर असला तर अख्खं बाड चाळावं लागायचं. आज उलट झालंय, नंबर टाकला की माणूस निघतो. त्याचा चेहरा, तो ऑनलाइन कधी होता, पोरं कुठल्या शाळेत, सगळं एका ओळीत. शिवाय डिरेक्टरीतला नंबर घराचा होता, फोन उचलायला घरातलं कोणीही असायचं. हा नंबर एकाच माणसाच्या खिशातला आहे.

आणि डिरेक्टरीत नाव नको असेल तर तसं कळवण्याची सोय तेव्हाही होती. म्हणजे लपवणारे तेव्हाही होते, नुसते छापून यायचे नाहीत.

नौपाडाकर_काका

मुद्दा पटला. निम्मा.

ऐरोलीची_सून

"काय लपवायचे" हा प्रश्न बहुतेक वेळा पुरुष विचारतात असं माझं निरीक्षण आहे, काका राग मानू नका.

मला व्हॉट्सअ‍ॅपच्या 'माय कॉन्टॅक्ट्स'बद्दल बोलायचंय. सगळेजण सांगतात लास्ट सीन, डीपी, स्टेटस 'माय कॉन्टॅक्ट्स'वर ठेवा, झालं काम. जरा स्वतःची कॉन्टॅक्ट लिस्ट उघडून बघा. माझ्या यादीतला 'प' असा आहे: पमाताई, पाणीवाला टँकर, पार्लर सेक्टर ८, पेस्ट कंट्रोल, पोळीवाल्या काकू, प्लंबर जुना, प्लंबर नवा, प्लंबर नवा २. हे सगळे माझे कॉन्टॅक्ट्स. आम्ही गोव्याला गेलो की स्टेटस टाकते, म्हणजे घर चार दिवस बंद आहे हे मी तिन्ही प्लंबरांना कळवते. सगळे बिचारे सज्जन असतील, पण त्यांना कळवायची गरज काय?

तर स्टेटसला 'ओन्ली शेअर विथ' वापरते. त्यात एकदाच नावं निवडायची, मग नवीन कोणी सेव्ह केलं तरी आपोआप आत येत नाही. 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट' त्याच्या उलट, तिथे प्रत्येक नवा नंबर आधी आत येतो आणि आपण आठवणीने काढायचा. लास्ट सीन 'नोबडी'. 'ऑनलाइन'लाही तीच ठेवता येते, २०२२ पासून. ब्लू टिक बंद केल्या तर आपल्यालाही दुसऱ्याच्या दिसत नाहीत, आणि ग्रुपमध्ये त्या बंद होतच नाहीत. सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही.

अनोळखी फोनांसाठी 'सायलेन्स अननोन कॉलर्स' आहे. रिंग वाजत नाही, यादीत मात्र दिसतो. कुरिअरवाले साधा फोन करतात, व्हॉट्सअ‍ॅप कॉल नाही, त्यामुळे काही अडत नाही.

उपवनवाली

कळवा_ब्रिज दादा, सापडला! मंडळाच्या रांगोळी स्पर्धेचं पोस्टर, काही वर्षांपूर्वीचं. "नावनोंदणीसाठी संपर्क", खाली आम्हा तिघींची नावं आणि नंबर. पोस्टर चित्र आहे, पण वर कुणीतरी भाविकपणे तेच सगळं टाइपही केलंय, म्हणून सर्चला लागलं. ग्रुप पब्लिक. मावशीच्या कमेंटमध्ये माझं पूर्ण नाव होतं, त्या नावाने शोधलं की दुसऱ्या नाही तर तिसऱ्या ओळीत हे पोस्टर येतं.

म्हणजे माझ्या एकाही सेटिंगमधून काही गेलं नाही. मावशीने नाव दिलं, मंडळाने नंबर.

मंडळाच्या दादांना फोन केला. पोस्ट काढली लगेच, फक्त म्हणाले, "वहिनी, पुढच्या वर्षी संपर्क कुणाचा टाकू मग?"

कळवा_ब्रिज

हेच म्हणायचं होतं. सेटिंग्ज कराव्यातच, पण त्या फक्त तुमच्या हातून जाणाऱ्या गोष्टींना लागू असतात.

केंब्रिज अ‍ॅनालिटिका ह्या राजकीय सल्ला देणाऱ्या ब्रिटिश कंपनीचं प्रकरण आठवतंय का, २०१८ चं? एका चाचणीच्या अ‍ॅपमधून फेसबुकवरची माहिती उचलली होती. एप्रिलमध्ये फेसबुकने स्वतः आकडा दिला: भारतात ते अ‍ॅप फक्त ३३५ जणांनी टाकलं होतं, आणि झळ बसण्याची शक्यता असलेले भारतीय ५,६२,४५५. बाकीचे साडेपाच लाखांवर लोक अ‍ॅप टाकणाऱ्यांच्या मित्रयादीतून आले. त्यांनी काहीही दाबलं नव्हतं.

नौपाडाकर_काका

३३५? अहो, आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची सभासदसंख्या त्याहून जास्त असेल. आता तीन-चतुर्थांश पटले.

सेक्रेटरी_बाय_फोर्स

घोडबंदर रोडच्या एका मोठ्या सोसायटीचा सेक्रेटरी. धागा वाचून घाम फुटलाय, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

आमच्याकडे मुख्य ग्रुपमध्ये पाचशेच्या वर मेंबर. मालक, भाडेकरू, मालकाचा पुण्याचा मुलगा, फ्लॅट विकून गेलेले दोघे-तिघे ज्यांना काढलं तर भांडायला येतात, आणि निदान एक इस्टेट एजंट जो कोण आहे ते आम्हाला अजून कळलेलं नाही. कुणीतरी "२ बीएचके बघतोय भावासाठी" असं लिहायचा अवकाश, तासाभरात त्याला चार एजंटांचे फोन. प्रत्येक वेळी शिव्या मला. मला कोणी पगार देत नाही.

गेटवर व्हिजिटर रजिस्टर आहे. दोरीला बांधलेलं पेन आणि रकाने: नाव, कुठून आले, फ्लॅट नं., मोबाइल नं., सही. डिलिव्हरीचा मुलगा आपली ओळ लिहिताना वरच्या वीस ओळी वाचू शकतो, हे ह्या धाग्यामुळे पहिल्यांदा डोक्यात आलं. पण रजिस्टर बंद करून चालणार नाही, चोरी झाली तर पोलीस पहिलं तेच मागतात. अ‍ॅप घेऊ म्हटलं तर अर्धे सभासद म्हणतात खर्च नको, उरलेले म्हणतात अ‍ॅपवाल्यांकडे आमचा डेटा नको. मी करायचं काय?

ऐरोलीची_सून

सेक्रेटरी भाऊ, तुमच्याबद्दल पूर्ण सहानुभूती. आमच्याकडे ह्यांनी ते पद घेतलंय, घरी जेवणाच्या ताटावर पार्किंगची भांडणं येतात.

रजिस्टरवर वहीच्या रुंदीचा पुठ्ठा ठेवा, चालू ओळीपुरती फट कापलेला. आमच्या दवाखान्यात तसं करतात. फुकट.

कळवा_ब्रिज

ग्रुपबद्दल. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, ते बंद करायची सोय नाही. त्यामुळे नोटिसांसाठी पाचशेजणांचा ग्रुप हीच मुळात चुकीची वस्तू आहे. दोन मार्ग आहेत. कम्युनिटी (अनेक ग्रुप एका छताखाली आणायची व्हॉट्सअ‍ॅपची सोय) केलीत तर तिच्या अनाउन्समेंट ग्रुपमध्ये सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, अ‍ॅडमिनला दिसतात. किंवा चॅनेल काढा. त्यात फॉलो करणाऱ्याचा नंबर इतर फॉलोअर्सनाही दिसत नाही. चॅनेल भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये आलं.

सेक्रेटरी_बाय_फोर्स

चॅनेलची लिंक कुणीही कुणालाही देईल. बाहेरचा माणूस आमच्या नोटिसा वाचणार.

कळवा_ब्रिज

वाचू दे की. उद्या सकाळी पाणी नाही हे वाचून तो काय करणार? "रात्रपाळीचा वॉचमन आठवडाभर रजेवर" हे मात्र चॅनेलवर टाकू नका. ते कमिटीच्या ग्रुपमध्ये. थोडक्यात आधी नोटीस बघा, मग कुठे टाकायची ते ठरवा.

जुना ग्रुप ठेवणार असाल तर 'अ‍ॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' चालू करा, एप्रिल २०२५ मध्ये आलेली आहे. त्याने चॅट एक्स्पोर्ट करता येत नाही, फोटो आपोआप गॅलरीत उतरत नाहीत. स्क्रीनशॉट थांबत नाही, हेही सांगून ठेवतो. आणि नवीन मेंबर अ‍ॅडमिनने मंजूर केल्याशिवाय येऊ नये ही सेटिंग लावली तर तुमचा गुप्त एजंट निदान आणखी एजंट आणणार नाही.

प्रत्येकाने स्वतःसाठी: प्रायव्हसीमध्ये 'ग्रुप्स', तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स'. मग शेअर बाजाराच्या "गुरुजी" ग्रुपमध्ये कुणी परस्पर ओढत नाही. प्लंबरांपासूनही सुटका हवी असेल तर 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट' निवडून त्यांची नावं वगळा.

तीन_पेट्रोलपंप

हे सगळं करण्यापेक्षा टेलिग्रामवर या. एकदम सुरक्षित, रशियन सरकारलाही दाद दिली नाही.

कळवा_ब्रिज

टेलिग्रामवर साध्या चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता येत नाहीत अशा) नसतात. 'सीक्रेट चॅट' वेगळी सुरू करावी लागते, आणि ग्रुपना तर ती सोयच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर २०१६ पासून ती आपोआप आहे. नंबर लपवण्याच्या बाबतीत मात्र टेलिग्राम बरं, तिथे फोन नंबर 'नोबडी' करता येतो. ज्याला जे हवं ते घ्यावं.

तीन_पेट्रोलपंप

व्हॉट्सअ‍ॅप झुकेरबर्ग वाचतो हे शेंबडं पोर सांगेल. काल बायकोशी मिक्सरबद्दल बोललो, आज फेसबुकवर मिक्सरची जाहिरात!!

कळवा_ब्रिज

मेसेज वाचावा लागतच नाही, हेच तर दुखणं आहे. वहिनींनी कुठल्यातरी दुकानाच्या साइटवर मिक्सर बघितला असेल. त्या साइटने ते मेटाला, म्हणजे फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅप-इन्स्टाच्या मालक कंपनीला, कळवलं. तुमचं वायफाय एक, शहर एक, मित्र एक. बघायचं असेल तर फेसबुकच्या अकाउंट्स सेंटरमध्ये 'युअर इन्फर्मेशन अँड परमिशन्स' आणि त्यात 'युअर अ‍ॅक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज'. कुठकुठल्या अ‍ॅपने आणि दुकानाने तुमच्या चुगल्या केल्यात त्याची यादी आहे. आधी यादी वाचा, मजा येते. मग 'क्लिअर' आणि 'डिस्कनेक्ट फ्यूचर अ‍ॅक्टिव्हिटी'. जाहिराती बंद होत नाहीत, जरा मूर्ख होतात.

एक नवीन गोष्ट. व्हॉट्सअ‍ॅपमधलं मेटा एआयचं ते निळं-जांभळं वर्तुळ. त्याच्याशी केलेलं बोलणं एंड-टू-एंड नाही, समोर कंपनीच आहे. १६ डिसेंबर २०२५ पासून मेटा एआयशी झालेल्या गप्पा बऱ्याच देशांत जाहिराती ठरवायला वापरतात. आजाराची लक्षणं तिथे विचारताना एवढं ध्यानात ठेवा.

आणि बॅकअप! चॅट एन्क्रिप्टेड असली तरी गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप आपोआप तसा नसतो. 'चॅट बॅकअप'मध्ये 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप' वेगळा चालू करावा लागतो. त्याचा पासवर्ड विसरलात तर बॅकअप गेला, कंपनीलाही उघडता येत नाही.

तीन_पेट्रोलपंप

बायकोला विचारलं. बघितला होता मिक्सर. दोन दुकानांत.

कोर्टनाक्यावरून

उशिरा आलो, तारीख होती. कायद्याचं थोडं.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमताने निकाल दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन अ‍ॅक्ट झाला. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्यांना त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत आहे. आपल्याकडे हुंड्या लवकर वटत नाहीत. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी.

धाग्यातल्या पात्रांपुरतं बोलायचं तर मावशी सुटतात. व्यक्तीने घरगुती किंवा वैयक्तिक कामासाठी केलेल्या वापराला हा कायदा लागू नाही. सोसायटी ही नोंदणीकृत संस्था, तिला ती सवलत मिळेल असं मला वाटत नाही. सेक्रेटरी साहेब, सभासदांची एक्सेल शीट ग्रुपवर टाकण्याची सवय आत्तापासून मोडा. १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला पालकांची पडताळता येणारी संमती लागेल, हीही त्यातली मोठी तरतूद.

ताई, "छान दिसता"वाल्याला उत्तर देऊ नका. स्क्रीनशॉट घ्या, रिपोर्ट करा, ब्लॉक करा, ह्याच क्रमाने. पुन्हा दुसऱ्या नंबरावरून आला किंवा लेकीचा उल्लेख केला तर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर (cybercrime.gov.in) तक्रार करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जा. १९३० हा नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी, तिथे मिनिटं मोजून फोन करायचा असतो. पेजवरचा फोटो काढायचा असेल तर आधी पेजवाल्याला सरळ मेसेज करा, बरेचजण काढतात. नाही ऐकलं तर फेसबुक आणि इन्स्टावर १३ वर्षांखालच्या मुलांच्या फोटोंसाठी पालकांनी भरायचा वेगळा तक्रार अर्ज आहे, साध्या 'रिपोर्ट'पेक्षा तो वापरा.

उपवनवाली

आभारी आहे. पेजवाला भला निघाला, फोटो ठेवला पण त्या पोस्टवरच्या कमेंट बंद केल्या आणि मावशीची काढली. मावशी म्हणते, "मी काय वाईट लिहिलं होतं गं?" तिला समजावताना माझी पंचाईत झाली. शेवटी म्हटलं, शाळेचं नाव आणि पोरीचं नाव एका वाक्यात नको, एवढं कर. बाकी कौतुक कितीही कर. हे मात्र तिने ऐकलं.

लेकीला इन्स्टा हवंय. द्यायचं का?

ऐरोलीची_सून

सहावी म्हणजे अकरा-बारा. इन्स्टाचं स्वतःचंच किमान वय १३ आहे. आत्ता नको. तेरा झाल्यावर खरी जन्मतारीख टाकून उघडून द्या. खोटी टाकली की ते तिला मोठी समजणार आणि 'टीन अकाउंट'ची राखण मिळणार नाही. ती सोय भारतात फेब्रुवारी २०२५ पासून आहे: अकाउंट आपोआप प्रायव्हेट, अनोळखी माणसाचा मेसेज येत नाही, आणि सोळाच्या आतल्या मुलांना ते ढिलं करायचं तर पालकांची परवानगी लागते.

आमच्या भाच्याने दिवाळी पहाटेला तलावपाळीवरून अर्धा डझन स्टोऱ्या टाकल्या, लोकेशनसकट. मुलांना सांगा, टाका खुशाल, घरी पोचल्यावर टाका.

नौपाडाकर_काका

मी आज दुपारभर बसून पुढीलप्रमाणे केले. फेसबुकवर 'लिमिट पास्ट पोस्ट्स' दाबले, जुन्या सर्व पब्लिक पोस्ट एका फटक्यात मित्रांपुरत्या झाल्या. जन्मवर्ष लपवले. व्हॉट्सअ‍ॅपवर 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा सहा आकडी पिन ठेवला. 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडले तर त्यात एक संगणक निघाला, तो कोणाचा हे उमगेना. नंतर स्मरले, गेल्या वर्षी स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे पेन्शनचा कागद छापण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडले होते. लॉग आउट केले.

प्रश्न: पिन कन्येच्या जन्मसालावर ठेवला आहे. चालेल ना?

कळवा_ब्रिज

काका, बदला. आणि नवीन कोणता ठेवला ते इथे सांगू नका. पिनसोबत ई-मेलही जोडा, विसरल्यास तेवढाच आधार. झेरॉक्सवाल्याकडे पुढच्या वेळी कागद मेलने पाठवा.

फोनच्या सेटिंगमध्येही एक फेरी मारा: कुठल्या अ‍ॅपला 'कॉन्टॅक्ट्स'ची परवानगी आहे ती यादी. टॉर्च, पंचांग, फोटो सजवणारं अ‍ॅप, ह्यांना तुमचे कॉन्टॅक्ट्स कशाला? काढून घ्या. त्याने तुमच्यापेक्षा तुमच्या यादीतल्यांचं भलं होतं. फेसबुकच्या अकाउंट्स सेंटरमधला 'अपलोड कॉन्टॅक्ट्स'ही बंद करा, आधी चढलेले डिलीट करा. दुसऱ्या कुणी तुमचा नंबर मेटाकडे चढवला असेल तर तो काढायची सोयसुद्धा आहे, हेल्प सेंटरच्या पोटात खोल दडवलेली. सापडायला वेळ लागतो, तो हेतूच असावा.

सेक्रेटरी_बाय_फोर्स

अपडेट. कमिटीत विषय घेतला. पुठ्ठा मंजूर, एकमताने, खर्च शून्य असल्याने. कम्युनिटी करतोय, जुना ग्रुप महिनाभर ठेवून बंद करणार. एक्सेल शीट ग्रुपवरून 'डिलीट फॉर एव्हरीवन' करायला गेलो तर मुदत टळलेली, साधारण दोन दिवसच मिळतात म्हणे. ज्यांनी उतरवून घेतली त्यांनी घेतली.

भाडेकरूंच्या फॉर्मवर आधारची पूर्ण झेरॉक्स मागायचो. आता मास्क्ड आधार चालेल असं लिहितोय, शेवटचे चार आकडेच दिसतात तो. सभासदांच्या फॉर्ममधून जन्मतारीख आणि मुलांची शाळा काढली. मुलांची शाळा का विचारत होतो हे कमिटीत कुणालाच सांगता आलं नाही. वाहन क्रमांक ठेवतोय, पार्किंगसाठी लागतो. चालेल?

कोर्टनाक्यावरून

चालेल. कशासाठी घेतोय हे फॉर्मवर एका ओळीत लिहा. फ्लॅट सोडून गेलेल्यांचे फॉर्म किती दिवस ठेवणार तेही ठरवा.

कळवा_ब्रिज

फ्लॅट, नाव, गाडी नंबर, मोबाइल अशी पार्किंगची यादी लिफ्टजवळ लावलेली असते बऱ्याच ठिकाणी. तुमच्याकडे आहे का?

सेक्रेटरी_बाय_फोर्स

आहे. काचेच्या बोर्डात, तिन्ही विंगना. मोबाइलचा रकाना कापून उद्या परत लावतो. बोर्डाची किल्ली वॉचमनकडे आहे आणि तो रजेवर आहे. हे चॅनेलवर टाकणार नाही.